एका दिवसानं काय होतंय?

मूल शाळेत का आलं नाही असं विचारलं, की बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं. "एका दिवसानं काय होतंय, गुरुजी?" त्यात उद्धटपणा नसतो. मामाकडे हळद असते, गावची जत्रा असते, आजीला दवाखान्यात न्यायचं असतं, बाजाराचा दिवस असतो आणि धाकट्याला सांभाळायला कुणी नसतं. प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरंच असतं, म्हणून ते खोडून काढता येत नाही. अशी खरी कारणं एकामागून एक येत राहतात आणि बघता बघता वर्ष संपतं.

हे आवाहन पहिली ते चौथीच्या मुलांच्या घरांसाठी आहे. मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. सातवी-आठवीतलं पोरगं दांडी मारतं तेव्हा सगळं ठरवून मारतं; कुठल्या वाटेनं सटकायचं, घरी काय सांगायचं, दप्तर कुठे लपवायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला दांडी मारता येत नाही. त्याला उठवलं की ते उठतं, आंघोळ घातली की तयार होतं, हात धरून निघालात की चालायला लागतं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे जो खाडा पडतो, तो आपण मोठ्यांनी पाडलेला असतो. त्यामुळे बोलायचं ते आपल्याशीच.

आधी हिशेब करू. शिक्षणहक्काच्या कायद्यानं, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलं आहे. आता महिन्याला दोन खाडे धरा. दोन म्हणजे काहीच नाहीत असं वाटतं, कुणाच्या डोळ्यांवरही येत नाहीत. शाळेचे दहा महिने धरले तर वर्षाला वीस दिवस झाले, म्हणजे दहावा हिस्सा गेला. चौथी संपेपर्यंत ऐंशी दिवस. दहा महिन्यांच्या शाळेतले चार महिने मूल घरी होतं आणि हे कुणाला कळलंही नाही, कारण कुणी ते सलग ठेवलं नव्हतं.

उशिराचंही तसंच. रोज फक्त पंधरा मिनिटं उशीर होतो म्हणू. दोनशे दिवसांचे पन्नास तास होतात. कायद्याच्या हिशेबानं दिवसाला सरासरी चार तास शिकवणं धरलं, तर बारा दिवसांहून जास्त शाळा बुडाली. आणि त्या मुलाची हजेरी कागदावर शंभर टक्के!

पण दिवस मोजून खरं नुकसान कळत नाही. ते कळायला दुसरीच्या वर्गात बसावं लागतं. समजा आज बाई हातच्याची बेरीज शिकवणार आहेत. सत्तावीस अधिक पंधरा. बाईंनी काड्या आणल्या आहेत, दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून बांधलेत आणि बाकीच्या सुट्या ठेवल्यात. एका पोराच्या पुढ्यात दोन गठ्ठे आणि सात सुट्या, दुसरीच्या पुढ्यात एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या तर बारा झाल्या. मग बाई विचारतात, सुट्यांच्या घरात बारा राहतील का? पोरं एकमेकांकडे बघतात. कुणीतरी पुढे येतं, दहा काड्या मोजून घेतं, रबर लावून नवा गठ्ठा करतं आणि दशकांच्या घरात नेऊन ठेवतं. सुट्यांत दोन उरतात, गठ्ठे चार होतात. बेचाळीस.

त्या दिवशी जे मूल हळदीला गेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी येतं. बाई सांगतात, शेजारच्याची वही घे आणि उतरवून काढ. ते मन लावून उतरवतं. वहीत सत्तावीसच्या दोनच्या डोक्यावर बारीक एक लिहिलेला असतो, तोही हे तसाच काढतं. तो एक कुठून आला हे मात्र वहीत लिहिलेलं नसतं. ते काड्यांत होतं, आणि काड्या कपाटात गेल्या. मग पुढच्या गणिताला हे मूल सात नि पाच बारा, दोन नि एक तीन असं करून खाली ३१२ लिहितं. सत्तावीस रुपयांत पंधरा रुपये घातले की तीनशे बारा होतात, हे त्याला खटकतही नाही. घरी आपण म्हणतो, पोराचं डोकं गणितात चालत नाही. डोकं चालतं हो. ते त्या दिवशी तिथे नव्हतं, एवढंच झालं.

पहिली-दुसरीत असे दिवस फार असतात. काना-मात्रा-वेलांटी एका आठवड्यात येतात, जोडाक्षरं दुसऱ्या आठवड्यात. पुढच्या इयत्तांत पाठ चुकला तर पुस्तक वाचून भरून काढता येतो. इथे मुळात वाचायलाच शिकवणं चाललेलं असतं, मग भरून कशानं काढणार? शेतकऱ्याला हे जास्त सांगावं लागत नाही. वापसा असताना पेरणी झाली नाही, तर नंतर कितीही खत घातलं तरी ते पीक उरलेल्या शिवाराबरोबर येत नाही.

एकदा वर्ग पुढे गेला की मुलाच्या मनात वेगळंच सुरू होतं. बाई काय बोलतात ते कळत नाही, बाकीची पोरं हात वर करतात, आपण खाली बघतो. त्याला हे शब्दांत सांगता येत नाही. सकाळी त्याचं पोट दुखतं. हे नाटक नसतं, पोट खरंच दुखतं. आपण कनवाळूपणानं ठेवून घेतो, अकरा वाजता ते अंगणात हुंदडत असतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग त्याच्यापासून आणखी लांब गेलेला असतो. आठवड्यातून एकदा-दोनदा, त्यातही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पोट दुखत असेल, तर ओव्याची पुरचुंडी बाजूला ठेवा आणि बाईंना भेटा. वर्गात कुणी चिडवतं का, गृहपाठ राहिला म्हणून भीती आहे का, पाढे येत नाहीत का, शाळेच्या मुतारीत जायला किळस येते का, काहीतरी असतंच. ते शोधायला दहा मिनिटं पुरतात.

खरं आजारपण मात्र अंगावर काढून शाळेत धाडू नका. ताप, उलट्या, जुलाब, आलेले डोळे, गोवर, कांजिण्या यांत मूल घरीच हवं. त्याच्यासाठी आणि बाकीच्या तीसजणांसाठीही. ताप औषधाशिवाय एक पूर्ण दिवस उतरलेला राहिला, की पाठवा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. नाक वाहतंय, जरा खोकला आहे, काल रात्री कान दुखत होता पण आता हसतंय, हे घरी ठेवण्याचं कारण नाही. उवा झाल्या हेही नाही. फणी फिरवा आणि पाठवा.

आता उशिराकडे येऊ, कारण त्याला आपण फारच हलकं घेतो. प्राथमिक शाळेची सकाळ कशी असते हे बऱ्याच पालकांनी पाहिलेलं नसतं, फाटकाशी सोडून ते माघारी फिरतात. घंटा होते, पोरं रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग कुणी सुविचार सांगतं, कुणी दिनविशेष वाचतं, एखादी चिमुरडी पाठ केलेली गोष्ट सगळ्या शाळेपुढे धडधडत्या छातीनं म्हणून दाखवते. याला परिपाठ म्हणतात. चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं पहिलं धाडस खेड्यातलं मूल इथेच करतं. परिपाठानंतर वर्गात हजेरी होते. हजेरीचा आकडा खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडे जातो, आणि पाचवीपर्यंतच्या मुलांना माणशी शंभर ग्रॅम या मापानं तांदूळ काढला जातो. मग पहिला तास, जो बहुतेक शाळांत भाषेचा किंवा गणिताचा असतो, कारण तेव्हा मुलांचं डोकं ताजं असतं.

वीस मिनिटं उशिरा येणारं मूल हे सगळं चुकवून दारात उभं राहतं. सगळा वर्ग मान वळवून बघतो. बसायची जागा गेलेली असते, कुठलं पान चाललंय हे शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि विचारलं की "बोलू नका रे" असं ऐकू येतं. मोठ्या माणसाला लग्नात उशिरा पोचल्यावर जे होतं, ते त्या पोराला रोज होतं. काही पोरं मग दारापर्यंतही येत नाहीत. उशीर झालाय, आज नकोच, असं तीच आईला सांगतात, आणि त्या दिवशी उशिराचा खाडा होतो.

उशीर सकाळी होतो असं आपल्याला वाटतं, तो होतो आदल्या रात्री. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ ते बारा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. सकाळी सातला उठायचं असेल तर रात्री नऊ-साडेनऊला अंथरुणात जायला हवं. आपल्याकडे साडेनऊला मालिका रंगात आलेली असते आणि पोराच्या हातात मोबाइल असतो, कारण तो असला की ते गप्प बसतं. सरकारनंही याची दखल घेतली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. शाळा तासभर पुढे सरकली आणि घरातलं टीव्ही बंद करणंही तासभर पुढे सरकलं, तर त्या निर्णयाचा उपयोग काय?

रात्री जेवणं झाल्यावर दप्तर भरून दारापाशी ठेवा, गणवेश खुंटीला, मोजे बुटात. सकाळी मोजा सापडत नाही म्हणून जेवढे उशीर होतात, तेवढे एसटी चुकल्यामुळेही होत नसतील. घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवायची युक्ती पोरांना तिसऱ्या दिवशी कळते, त्या भानगडीत पडू नका. आणि शनिवारचं वेगळं लक्षात ठेवा. अनेक ठिकाणी शनिवारी शाळा सकाळची असते, लवकर सुटते, म्हणून घराघरांत तो दिवस धरलाच जात नाही. कवायत, खेळ, चित्रकला बहुधा याच दिवशी असते. ज्या मुलाला अभ्यासाची गोडी नाही, त्याला शाळेची गोडी लावणारा एकमेव दिवस आपण बुडवतो.

शहरातल्या घरांना वाटेल, हे सगळं खेड्यापाड्यांचं रडगाणं आहे. तसं नाही. मुंबई-पुण्यात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात किती बाकं रिकामी असतात ते एखाद्या बाईंना विचारा. गावाहून परतीचं तिकीट मिळालं नाही, हे ठरलेलं कारण. तिकीट काढताना शाळा कधी उघडते हे बघितलेलंच नसतं. दिवाळीची सुट्टी लागायच्या चार दिवस आधी निघायचं, कारण तेव्हा गाडीला गर्दी कमी. गणपतीला गावी जायलाच हवं, त्याबद्दल कोकणातल्या माणसाला कुणी बोलू नये. पण गौरी-गणपती विसर्जनानंतर आणखी आठवडाभर फणसाच्या झाडाखाली बसायचं कारण काय? सहलींचं तर विचारूच नका. "भर सुट्टीत हॉटेलं महाग असतात" म्हणून नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात गोव्याला जाणारे सुशिक्षित आईबाप मी पाहिले आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं मूल बरोबर नेलं तर आपण हळहळतो, आणि हे मात्र आपल्याला सहज खपतं.

मूल शाळेत यावं म्हणून आपल्या राज्यात दोन्ही उपाय करून झालेत, दंडाचा आणि बक्षिसाचा. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही गरिबाच्या घरात मोठी रक्कम होती. पुढे नव्वदच्या दशकात राज्य सरकारनं उलट बाजूनं हात घातला. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिलेल्या दिवसाचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. कित्येक वर्षं तो रुपयाच राहिला, तोवर रुपयात लिमलेटची गोळीही धड येईना. तरी योजनेमागची नजर बरोबर होती. घरातलं काम वाढलं की पहिला खाडा मुलीचा पडतो, हे त्या योजनेनं ओळखलं होतं.

तो अजूनही पडतो. कापसाची वेचणी सुरू झाली की विदर्भ-मराठवाड्यातल्या वर्गांत मुलींच्या बाजूची रांग विरळ होते. आठ वर्षांची पोरगी वेचायला नसते, धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसायला असते. आईला दोष देणं सोपं आहे. तिची मजुरी किलोवर असते, आणि मूल काखेत घेऊन वेचणी होत नाही. पण धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीत घाला, तिथे त्याला खाऊही मिळतो. त्याहून लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एका म्हातारीला चार पैसे द्या. आणि हे जमत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उभं राहून सांगा. या समितीत तीन-चतुर्थांश माणसं पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. ती समिती २६ जानेवारीच्या झेंड्याला रांगोळी काढायला नेमलेली नाही.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या आधीच गुरुजींना गाठा. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय तुमच्या शाळेत होते का ते विचारा. बरोबर न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कितवीत आहे आणि कुठवर शिकलंय हे त्यावर असतं. फडाजवळच्या शाळेत तेच दाखवा. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, वर्षाचा मधला महिना आहे, यांतल्या कुठल्याही कारणानं आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. कुणी नाकारला तर "लेखी द्या" म्हणा. बहुतेकदा तेवढ्यावर काम होतं.

गुरुजी आणि बाईंनाही दोन शब्द. तुमच्यामागे किती कामं लावलेली असतात हे ठाऊक आहे; ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, मतदारयाद्या, आणि मुख्यालयातून आलेलं "आजच्या आज" असं पत्र. तरी घंटा वेळेवर व्हायला हवी, आणि घंटेला तुम्ही हवेत. सव्वादहाला कुलूप उघडणाऱ्या शाळेत दहाला पोर पाठवायची सवय कुणाला लागत नाही. उशिरा आलेल्याला दाराबाहेर उभं करू नका, वर्गापुढे त्याच्या आईचा उद्धार तर नकोच. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना कायद्यानं बंदी आहे. खाली मान घालून आत येऊ द्या आणि मधल्या सुट्टीत एकट्याला विचारा. मूल सलग दोन दिवस आलं नाही की घरी फोन करा, किंवा त्याच आळीतल्या पोराबरोबर निरोप धाडा. आठ दिवसांनी विचारलं की घरच्यांना वाटतं, आठ दिवस कुणाला काही वाटलं नव्हतं.

आणि हजेरी खरी लावा. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर नाव असलेली पण वर्गात नसलेली मुलं लाखांच्या संख्येनं निघाली. खोटी हजेरी शाळेची पटसंख्या राखते, त्या पोराला मात्र ती कायमची झाकून टाकते. जे कागदावर रोज येतं, त्याला शोधायला कोण जाणार?

वर्षाअखेरीस शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतात, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ते बक्षीस बऱ्याचदा ज्याचं घर शाळेला लागून आहे आणि ज्याच्या आईला वेळ आहे, त्यालाच जातं. त्या बक्षिसापायी तापानं फणफणलेली पोरंही वर्गात आणून बसवलेली दिसतात. द्यायचंच असेल तर दिवाळीआधी ज्याचे वीस खाडे होते आणि दिवाळीनंतर तीन झाले, त्या मुलाला द्या, आणि झेंडावंदनाला त्याच्या आईला पुढे बोलवा.

शेवटी ज्यांचं मूल आधीच महिना-दोन महिने घरी आहे त्यांच्यासाठी. सोमवारची वाट बघू नका, पुढच्या एक तारखेची नको, गणवेश शिवून येण्याचीही नको. उद्याच न्या, आणि स्वतः न्या. लाजायचं कारण नाही, शाळेला असे पालक रोज भेटतात. बाईंना तीनच गोष्टी विचारा. गणितात वर्ग कुठवर आलाय, वाचनाचं कुठलं पान चाललंय, आणि याला कुणाशेजारी बसवाल? शेजारी समजावून सांगणारं पोर मिळालं तर अर्धं काम होतं. घरी संध्याकाळी अर्धा तास बालभारतीचं पुस्तक उघडून बसा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी बसा आणि त्याला मोठ्यानं वाचायला लावा. पहिले आठ-दहा दिवस ते रडेल, पोट दुखतंय म्हणेल, एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन घरी येईल. आलं तर रागावू नका. पाणी प्यायला द्या, आणि दुपारची घंटा व्हायच्या आत परत नेऊन सोडा.